हो हो, बरं बरं

ता. १४ जानेवारी १९९७

चि. कांडीस,

आशीर्वाद असतातच, ते दर पत्रात मोजून लिहायला मी काही पोस्टमास्तर नाही. तू म्हणशील, परवा रविवारी फोन झाला आणि आज लगेच पत्र कशाला. तर खाली बस आणि दोनदा वाच.

मला ऐकू येत नाही.

लिहिलं एकदाचं. तोंडाने हे वाक्य माझ्याच्याने निघालं नसतं. गेली चार वर्षं दर रविवारी तू फोनवर जे काही बोललीस, त्यातलं मला एक अक्षर कळलेलं नाही. तुझा आवाज येतो, म्हणजे भिंतीपलीकडे कुणीतरी बोलतंय इतपतच येतो. तू थांबलीस की मी हो हो म्हणते, पुन्हा थांबलीस की बरं बरं म्हणते. तू कधी हटकलं नाहीस, म्हणजे माझं हो हो बरोबर जागेवर पडत असणार. आपण दोघी बहिणींनी अठ्ठावीस वर्षं समोरासमोरच्या मागांवर काढली. आडवं सूत घेऊन धावणारा धोटा कधी परतणार ते मान वर न करता कळतंच की.

घरात कुणाला पत्ता नव्हता. समोर तोंड असलं की मी ओठ वाचते, आणि तोंड नसलं की माझी मर्जी नाही असं दाखवते. सूनबाईला वाटायचं, सासू खडूस आहे, विचारलेल्याला उत्तर देत नाही. तेही काही खोटं नाही. पण बबडीने पकडलं. कॉलेज संपल्यापासून या नातीला दुसरा उद्योग नाही. मी दोरीवर कपडे घालत होते तर ही मागे उभी राहून म्हणाली म्हणे, "आजी, पाठीवर पाल आहे." मी आपली चिमटे लावतेय. तीनदा म्हणाली. मग समोर आली आणि रडायला लागली. मी म्हटलं, पाल माझ्या पाठीवर आणि रडतेस तू?

ओढत कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथे आतून गादी लावलेलं एक कपाट असतं, त्यात माणसाला बसवतात. कानावर टोप्या लावतात आणि हातात बटण देतात. पीं ऐकू आलं की दाबायचं. मी सुरुवातीला अंदाजाने दाबत होते, रविवारच्या सवयीने. ती कानवाली पोर काचेपलीकडून म्हणाली, "आजी, आवाज दिलाच नाही मी अजून." फजिती झाली.

मग तिने कागद दाखवला. डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक. माझी रेघ डावीकडे जरा तग धरून आहे आणि उजवीकडे घसरगुंडी. रेघ बघूनच तिने विचारलं, "आजी, मागावर होतात का?" म्हणजे गिरणीतल्या आपल्या माग-खात्याच्या खडखडाटाची सही अजून माझ्या कानात आहे, बघ. जाडे आवाज शिल्लक आहेत म्हणून माणूस बोलतोय हे कळतं. स, श, फ, त असले बारीक गेले, म्हणून काय बोलतोय ते कळत नाही. मी इतकी वर्षं समजत होते की लोकच आजकाल तोंडातल्या तोंडात बोलतात.

याच्या पायऱ्या असतात म्हणाली. सौम्य म्हणजे कुजबुज जाते. म्हणजे आपल्याबद्दल लोक काय बोलतात ते कळत नाही, ते बरंच. मध्यम म्हणजे साध्या बोलण्यालाही काय, काय करावं लागतं. तीव्र म्हणजे समोरच्याला ओरडावं लागतं. त्याच्याही खाली अतितीव्र, तिथे ओरडूनही उपयोग नाही, नुसते हादरे पोचतात. मी मध्यम आणि तीव्रच्या मधल्या पायरीवर बसले आहे. मी विचारलं, म्हणजे नापास? ती म्हणाली, काठावर पास, यंत्राने भागेल.

यंत्र तीन आठवड्यांत येईल. ते मी घरच्यांसाठी घेत नाहीये. त्यांचं बोलणं ऐकून आजवर कुणाचं भलं झालंय? तुझा रविवार ऐकायला घेतेय.

आणि एक. सात वर्षं झाली तुला बघून. खिडकीकडची खोली रिकामी आहे. मी दर रविवारी ओरडून सांगते, ये इकडे राहायला, तू येतेस कुठे? का येत नाहीस ते लिहून कळव. लिहिलेलं मला ऐकू येतं.

तुझी
ताई

*

ता. २५ जानेवारी १९९७

ती. ताईस,

सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग नाही हसले. चार वर्षं! आणि घरात कुणाला कळू दिलं नाहीस. तू मुकादमाच्या तोंडावर गोड हसत त्याला शिव्या द्यायचीस आणि तो बिचारा मान डोलवायचा, तेव्हापासूनच तुझा हात कुणी धरू शकत नाही.

यंत्र घेतेस ते बरं करतेस. पण फार आशा धरू नकोस गं. ते आवाज मोठा करतं, साफ करत नाही. भांडं पडलं की डोक्यात पडल्यासारखं वाटतं, आणि माणूस बोलला की तोंडात बोळा कोंबून बोलल्यासारखं. कानात घालतात तो साचा पहिले दिवस टोचतो. बॅटरी भलत्या वेळी संपते. आमच्या शेजारणीकडे आहे, तिने सांगितलं. तिने तर शेवटी डबीत घालून ठेवलं. म्हणून म्हणते, यंत्र आलं की लगेच फोनला लावू नकोस. महिना-दोन महिने जाऊ देत. पत्र लिहीत जा. पत्रात तू फोनपेक्षा कमी ओरडतेस.

माझं इथे छान चाललंय. मुलगा, सून, नातू सगळे माया करतात. तिकडे यायचं म्हणशील तर गुडघा धड नाही, नातवाची परीक्षा आहे, आणि गॅलरीत कुंड्या आहेत त्यांना माझ्याशिवाय कुणी पाणी घालत नाही. पुढे बघू.

ताई, तू अजून ओठांनी बोलू शकतेस का? बिनआवाजाचं, खात्यातलं? परवा मी आरशासमोर करून बघितलं. नातू आला आणि म्हणाला, आजीचा दात दुखतोय.

तुझी
कांडी

*

ता. १३ फेब्रुवारी १९९७

चि. कांडीस,

तुझी शेजारीण मूर्ख आहे, असं तिला माझ्याकडून सांग. आणि तुझ्या कुंड्यांना सांग की तुमच्यापायी एक सख्खी बहीण अडून बसली आहे.

यंत्र आलं. आधी कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला होता. पाच मिनिटं तोंड हलवू नका म्हणाली. सूनबाई सोबत होती, तिने ती पाच मिनिटं फार सुखात काढली. त्या लगद्यावरून माझ्या कानाच्या मापाची बोंडी करून आली. ती नीट बसली नाही तर यंत्र शिट्टी मारतं. आत गेलेला आवाज फटीतून बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो, गोल गोल. चहाड्यांचं असतं तसं. बाकी यंत्र कानामागे बसतं, वालाच्या शेंगेएवढं. त्याच्यात एक आवाज पकडणारा, एक फुगवणारा आणि एक कानात सोडणारा. कानवाली बारीक पेचकस घेऊन फिरवते, जाडे आवाज कमी, बारीक जास्त. मागाचा ताण बसवायला आपला फिटर यायचा तशीच मान वाकडी करून.

पहिल्या दिवशी एक तास घाल म्हणाली, मग दोन. कान लगेच ऐकतो, पण डोकं विसरलेलं असतं, त्याला पुन्हा शिकवावं लागतं. माझ्या चपला इतक्या बोलतात हे मला माहीत नव्हतं. फ्रिज गुरगुरतो. मुलगा पेपर उलटतो तेव्हा पत्रा फाडल्यासारखं होतं. आणि मी जेवताना मचमच आवाज करते. हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. तुझे भावोजी गेले ते हे पोटात घेऊन गेले.

आता खरी गंमत ऐक. यंत्राच्या बटणाला तीन घरं आहेत. एक चालू, एक बंद, आणि तिसरं फक्त फोनचं. तिसऱ्या घरात टाकलं की खोलीतलं सगळं बंद. सूनबाई, फ्रिज, चपला, सगळं गेलं. फोनच्या आतलं तेवढं थेट कानात येतं. कानवालीने करून दाखवलं, पलीकडे बबडीला बोलायला लावलं. बबडी गाढवासारखी 'हॅलो हॅलो' करत होती, पण कांडी, हॅलोचा ह वेगळा आणि ल वेगळा ऐकू आला.

महिना-दोन महिने थांब म्हणतेस. मी बासष्टची आहे, मला थांबायला सांगू नकोस. येत्या रविवारी अकराला फोन करते. तू तुझं ते रोजचं, गुडघा आणि नातू, सगळं बोल. मी मधे बोलणार नाही. आपण पोरी होतो तेव्हा जिन्याखालून हाका मारायचीस, त्यानंतर तुझा आवाज मी नीट ऐकल्याचं मला आठवत नाही. खात्यात कुठे कुणाला आवाज होता.

तुझी
ताई

*

ता. १८ फेब्रुवारी १९९७

कांडी,

हे पत्र पोचायच्या आत माझं मागचं पोचलं असेल. नसेल तर आधी ते वाच, मग हे.

रविवारी अकराला फोन लावला. तुझ्या सूनबाईंनी घेतला, देते म्हणाल्या. मी बटण तिसऱ्या घरात टाकलं. घर बंद झालं. आणि तू आलीस. "ताई ना? मी बरी आहे." इतकं स्वच्छ की मी खुर्ची धरली. तुझा आवाज जाडा झालाय. वर चढतो आणि तिथेच अडकून राहतो. पण तूच.

मी म्हटलं, "कांडी, मला ऐकू येतंय."

तू म्हणालीस, "गुडघा ठीक आहे. मुलाचं बरं चाललंय. तुझं कसं?"

मी म्हटलं, "अगं, ऐकू येतंय मला! सगळं येतंय!"

तू म्हणालीस, "हो हो."

मला वाटलं, लाइन खराब असेल. मी म्हटलं, "कांडी, तुझ्या डोक्यावर पाल पडली."

तू म्हणालीस, "बरं बरं. कुंड्यांना फुलं आली आहेत."

मग मी गप्प बसले. काहीच बोलले नाही. थोडा वेळ गेला आणि तू आपणहून म्हणालीस, "हो का? बरं झालं." मी काही बोललेच नव्हते गं.

म्हणजे चार वर्षं दर रविवारी दोन बहिऱ्या बाया एकमेकींना हो हो म्हणत होत्या, आणि दोन्ही घरांतले लोक म्हणत होते, बहिणींचं कसं पटतं बघा.

कुठली शेजारीण? बोंडी टोचते, बॅटरी संपते, बोळा कोंबल्यासारखं वाटतं. तुला एवढं पाठ कसं, हे माझ्या डोक्यात तेव्हाच यायला हवं होतं. मी माझं नाक कापून घेऊन तुला सगळं लिहिलं, आणि तू मला शेजारीण दाखवलीस. मी हे यंत्र कुणासाठी कानात कोंबलं?

किती वर्षं? आणि कितव्या पायरीवर आहेस? खरं लिही, नाहीतर लिहू नकोस.

ताई

*

ता. २० मार्च १९९७

ती. धाकट्या आजीस,

बबडीचा नमस्कार. हे पत्र आजीला न सांगता लिहितेय. कळलं तर ती मला यंत्राशिवायही ऐकवेल.

आजी तुझ्यावर रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण तशी नाही. गेले चार रविवार ती अकराला फोन करते आणि तिकडून निरोप येतो की तू झोपली आहेस. सकाळी अकराला कोण झोपतं? आजी फोन ठेवते आणि सगळ्यांना सांगते, "झकास बोलली." आईला खरं वाटतं. मला वाटत नाही, कारण मी शेजारी बसलेली असते.

अजून एक. तुझ्याशी बोलली त्या रविवारनंतर दोन दिवस आजीला काहीच ऐकू येत नव्हतं. आम्हाला वाटलं यंत्र बिघडलं. बाबा दवाखान्यात घेऊन जायला निघाले. मी तिचं यंत्र हातात घेतलं तर बटण फोनच्या घरातच होतं. मी म्हटलं, आजी, तू बदलायला विसरलीस. ती म्हणाली, "विसरले नाही. राहू दे." दोन दिवस घरातलं काहीही न ऐकता ती फोनजवळ स्वेटरचा गळा विणत आणि उसवत बसली होती.

आता यंत्र रोज ड्रॉवरमध्ये असतं. फक्त रविवारी सकाळी निघतं. कानवाली म्हणते, असं करून चालत नाही, रोज घातलं नाही तर डोकं शिकत नाही. आजी म्हणते, "शिकून कुणाचं ऐकू?"

पत्राचं उत्तर दे, आजी. रागाचं दिलंस तरी चालेल. रागाचं तिला जास्त आवडतं.

तुझी
बबडी

*

ता. २९ मार्च १९९७

ती. ताईस,

सा. न.

खरं लिहायला सांगितलंस. वेळ लागला.

शेजारीण नाही. ती डबी माझ्याच कपाटात आहे. नऊ वर्षं झाली, म्हणजे तुझ्याकडे शेवटची आले होते त्याच्याही दोन वर्षं आधीपासून. तेव्हा तुला कळलं नाही, कारण आपण दोघी पंधरा दिवस समोरासमोरच बसलो होतो. दोन्ही कान शेवटच्या पायरीवर. माझी रेघ कागदाच्या तळाशी जाऊन झोपली आहे. इथला कानवाला म्हाताराच होता, भला होता. त्याने सांगितलं, कानात शंखासारखी नळी असते, तिच्यात बारीक केस असतात, आवाज आला की ते हलतात. ते एकदा मोडले की पुन्हा उगवत नाहीत. मला ते माझ्या पद्धतीने कळलं. ताण्याचे उभे धागेच तुटले असतील तर धोटा कितीही जोरात फेका, कापड होत नाही. यंत्र धोटा जोरात फेकतं. तुझे थोडे धागे शिल्लक आहेत, तुझं विणलं जाईल. माझ्याकडे नुसता धोटा आपटतो.

ताई, खातं बंद झालं तेव्हा मला कळलं की मी बहिरी आहे. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी खात्यातली सगळ्यात बडबडी बाई होते. तिथे सगळेच बहिरे होते आणि सगळेच बोलत होते, तोंड भरून, चार रांगांपलीकडून. बाहेर आले तर कुणी तोंडच उघडत नाही गं. इथे सगळे चांगले आहेत, ते खोटं लिहिलं नव्हतं. पण ते स्वयंपाकघरातून बोलतात, चावताना बोलतात, मान खाली घालून बोलतात. मी दोनदा विचारते. तिसऱ्यांदा "काही नाही, जाऊ द्या" असं म्हणतात. 'जाऊ द्या' हे मात्र मला सगळ्यांच्या ओठांवर छान वाचता येतं. त्यांना वाटतं, मला थोडं कमी ऐकू येतं. मीच तसं वाटू दिलंय.

रविवारी सूनबाई खांद्याला हात लावून फोन देते. मी तो कानाला नाही, कानामागच्या हाडाला दाबून धरते. तू बोललीस की तिथे काहीतरी घुमतं, लांबवर जातं फिरतंय असं. शब्द नाही. घुमायचं थांबलं की माझी पाळी, एवढंच मला कळतं. त्या दिवशी ते फार वेळ थांबलं. मला वाटलं, तू मन लावून ऐकतेयस.

त्या घुमण्यासाठी मी रविवारची वाट बघायचे, ताई. आठवड्यात माझ्याशी तेवढंच कुणी बोलायचं. तुला ऐकू यायला लागलं तर तू मला ओळखशील आणि मग फोन बंद होतील, म्हणून तुला थांब म्हटलं. ते चुकलं.

तू ये म्हणतेस. मी येणार नाही. गुडघा, कुंड्या सगळं खोटं. खरं हे आहे की सात वर्षांत मी कुणाचे ओठ धड वाचलेले नाहीत. वाचायची सवय गेली असेल. तुझं तोंडही बदललं असेल. मी तिथे आले, तू बोललीस आणि तेही मला कळलं नाही, तर? आता निदान असं वाटतं तरी की जगात एक माणूस आहे ज्याचं बोलणं मला कळतं. ते तपासून बघायची माझी हिंमत नाही. जाऊ द्या म्हण आणि सोडून दे.

बबडीला रागावू नकोस. पोर गुणी आहे.

तुझी
कांडी

*

ता. ५ एप्रिल १९९७

चि. कांडीस,

जाऊ द्या म्हणणारी मी नव्हे. तू मला ओळखत नाहीस का?

शनिवारी १९ तारखेला सकाळच्या गाडीने येते. एकटी. मुलगा नको म्हणतोय, त्याचं बोलणं मी बटण बंद करून ऐकलं. स्टेशनवर ये. तुझ्या मुलाला सोबत आण, पण त्याला सांग, मधे मधे करायचं नाही.

तपासायची हिंमत नाही म्हणतेस. मग तपासू नकोस. तू फक्त उभी राहा, तपासते मी.

कळलं नाही तर मी परतीच्या गाडीने निघून येईन आणि रविवारी अकराला फोन करीन. पाल पडली, सरडा पडला, काय वाटेल ते बोलेन, तू हाडाला लावून बस. तेवढं तरी मी मरेपर्यंत करू शकते. म्हणजे तुझं जायचं असं काही नाही.

ताई

*

ता. २० एप्रिल १९९७

चि. बबडीस,

आगाऊपणे माझ्या मागे पत्र लिहिलंस ते मला कळलं आहे. त्याचा हिशेब घरी आल्यावर. आधी कामाचं सांगते. आम्ही दोघी गुरुवारी संध्याकाळी पोचतो. खिडकीकडच्या खोलीतला तुझ्या बाबाचा पसारा काढ. पलंग असा फिरव की बसलेल्या माणसाला दार दिसेल, नाहीतर कुणी आत आलं की ती दचकते. आणि तुझ्या आईला सांग, धाकट्या आजीशी बोलायचं तर आधी समोर यायचं, तोंडावर उजेड घ्यायचा आणि तोंडातला घास गिळायचा. ओरडायचं नाही. ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं आणि काही वाचता येत नाही.

तू विचारशील, काय झालं. विचारल्याशिवाय तू राहणार नाहीस, म्हणून लिहिते.

गाडी थांबली. मी उतरले. गर्दी एवढी की यंत्रात नुसता दगडांचा पाऊस पडत होता. हमाल ओरडतोय, भोंगा वाजतोय, सगळं एकाच मापाचं मोठं. यंत्राला काय, त्याला आपलं-परकं कळत नाही, येईल ते फुगवतं. मग ती दिसली. खांबाजवळ मुलाचा हात धरून उभी होती. वाळून खरंच सुताची कांडी झालीय, खात्यात गमतीने म्हणायचो ते आता खरं झालंय. मी तिथूनच बोलले, बिनआवाजाचं, तोंड भरून. म्हटलं, सामान कुठे आहे तुझं?

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मान डोलावली आणि हसली. हो हो.

बबडी, मी आयुष्यात बरंच बघितलंय, पण ते हसू बघून हातातली पिशवी मी खाली ठेवली. तेच हसू मी चार वर्षं तुम्हा सगळ्यांना दाखवत होते. तिला काही कळलं नव्हतं. मी पुन्हा बोलले. ती पुन्हा हसली, आणि तिचे डोळे भरायला लागले. मुलगा म्हणाला, "मावशी, तिला जोरात सांगा." मी म्हटलं, तू गप्प बस.

मग माझ्या लक्षात आलं. गेल्या वर्षी माझी वरची-खालची कवळी केली, ती सैल आहे. बोलताना निसटू नये म्हणून मी ओठ आवळून धरते. इतकी सवय झालीय की आपण आवळतो हेही कळत नाही. मी तिथेच, भर प्लॅटफॉर्मवर, सगळ्या जगासमोर दोन्ही कवळ्या तोंडातून काढल्या आणि रुमालात बांधल्या. एक बाई मुलाला घेऊन लांब सरकली. मी तोंड मोकळं केलं आणि पुन्हा विचारलं, सामान कुठे आहे?

कांडी बघत राहिली. मग तिचे ओठ हलले. "आणलं नाही."

"का?"

"तू मला वाचता आलीस तर घरी जाऊन आणणार होते."

मग आम्ही सुटलो. मधे माणसं, हमाल, हातगाड्या, आणि आम्ही खांबाच्या या बाजूला आणि त्या बाजूला. सात वर्षांचं बोललो. तिचा मुलगा एकदा हिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. त्याने आपली आई बोलताना कधी बघितलीच नव्हती बहुतेक. सगळं कळत होतं मला, एक शब्द सुटत नव्हता. पण तिच्याकडून आवाज येत नव्हता. खात्यातल्यासारखी नुसते ओठ हलवत होती.

मी म्हटलं, "आवाजाने बोल."

ती म्हणाली, ओठांनीच, "कशाला? तुला वाचता येतंय."

"मला ऐकायचंय."

"नको. मोठा येतो. मला कळत नाही किती मोठा येतो ते. सूनबाई बोटाने हळू हळू करते. लोक बघतात."

मी म्हटलं, "लोकांनी माझे दात बघितले, आता तुझा आवाज ऐकू देत."

ती खांब सोडून जवळ आली. अगदी समोर. तोंड उघडलं आणि ओरडली, "ताई, तुझे दात कधी गं पडले?"

स्टेशनवरची कबुतरं उडाली. तिकीट तपासणारा थांबला. आवाज कसला, पत्र्याच्या छपरावर पोतंभर कांड्या ओतल्यासारखा. माझ्या कानात तो यंत्रातून दुप्पट होऊन शिरला, कान ठणकला, डोळ्यांना पाणी आलं.

बटण मी बंद केलं नाही.

तुझी
आजी